चंद्र मागे, बाबा पुढे

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ.

आज चंद्राविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवतो. आपल्या कवींनी शतकानुशतकं या माणसाची खुशामत केली. हिमांशू म्हटलं, सुधाकर म्हटलं, निशापती म्हटलं, वनस्पतींचा राजा करून टाकलं. एम.ए.ला संस्कृत घेऊन मी ही सगळी बिरुदं पाठ केली. पण या कवींपैकी एकानेही पौर्णिमेला गच्चीवर उभं राहून मोबाईलने फोटो काढून पाहिला नाही. पाहिला असता तर अर्धं वाङ्मय परत घ्यावं लागलं असतं.

काल बाबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. ऐंशी ओलांडून वर काही महिने गेले की माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या असा हिशेब, त्याचा सोहळा. आमची रायपूरच्या शंकर नगरची गच्ची, कार्तिकी पौर्णिमा, औक्षणाला एक्क्याऐंशी दिवे. कल्पना माझी: विजेचे दिवे बंद. फक्त तेल, वात आणि चंद्र. क्षमाने (पत्नी, माहेर वर्धा, हरकती घेण्यात पदवीधर) विचारलं, "काहून? लोकायले ताटातलं दिसलं पाहिजे का नाही?" मी म्हणालो, वातावरण. ती म्हणाली, मग निदान फोटोग्राफर तरी सांगा. मी म्हणालो, तो फ्लॅश मारून वातावरणाचा मुडदा पाडेल. फोटो मी काढतो. पत्रकार आहे.

बाबांना पूर्वेकडे पाठ करून बसवलं. म्हणजे चंद्र बरोबर डोक्यामागे. प्रभावळ.

निकाल: चंद्र उत्तम. दिवे उत्तम. मध्ये बाबांच्या आकाराचा काळा डाग. सगळ्या फोटोंत.

काही बिघडलेलं नाही. हल्ली एडिटिंग असतं. दोन दिवसांत सगळे उजळवून विनूला पाठवतो. विनू म्हणजे विनोदिनी, धाकटी बहीण, अकोल्याला असते. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे येऊ शकली नाही. रात्रीपासून मेसेज चालू आहेत. शेवटचा: "दादा, बाबा कसे दिसून राहिले ते पाहू दे ना."

जाता जाता: बाबांचा विनोद ऐंशीनंतरही शाबूत. काल मी मोबाईल घेऊन त्यांच्यापुढे वाकून, बसून, एका गुडघ्यावर टेकून फोटो काढत होतो. तर मला म्हणतात, "फोटोवाले भाऊ, जेवूनच जा बरं." फोटोग्राफर न लावल्याचा टोमणा! मी खूप हसलो. पाहुण्यांना सांगितलं, तेही हसले. क्षमा हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

फुकटचं ॲप उतरवलं. यूट्यूबवर एक सद्गृहस्थ शिकवतात. दर वाक्याला "दोस्तों" म्हणतात. इतका स्नेह मला माझ्या संपादकाने कधी दाखवला नाही.

पहिला धडा: ब्राइटनेस. एक रेघ, तिच्यावर एक ठिपका. ठिपका उजवीकडे ओढला की उजेड. याला लोक कला म्हणतात! मी ठिपका उजवीकडे टोकाला नेला. अर्धवट काम मला आवडत नाही.

आकाश वरणासारखं झालं. चंद्र फुटून शेजारच्या पाण्याच्या टाकीत मिसळला. बाबा पांढरेफटक. क्षमाने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "हे बाबा आहेत का आपला फ्रीज?"

टीकेला उत्तर देत नाही.

विनूचा फोन. सांगितलं, फोटो प्रोसेसिंगला आहेत. शब्द भारदस्त आहे. ती म्हणाली, बाबांशी बोलू दे. बाबा झोपले होते. म्हणजे पडले होते. म्हणजे खिडकीशी बसून स्टेशनच्या दिशेने पाहत होते. पण त्यांना का उठवायचं? सांगितलं, बाबा एकदम फिट.

संकल्प: हे तंत्र आत्मसात झाल्यावर आपल्या पेपरात सदर लिहायचं. 'अंधारे फोटो उजळवा, घरच्या घरी'. नागपूर कार्यालयाला रायपूरहून नुसत्या मंत्रालयाच्या बातम्या पाठवून हात आंबला आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार.

कालची चूक समजली. ब्राइटनेस हे अडाण्यांचं हत्यार. ते गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखं उजळवतं. जाणकार 'शॅडोज' वापरतात. तेवढा अंधार उचलला जातो, चंद्राला हात लागत नाही. 'हायलाइट्स' थोडे खाली ओढले की दिवेही जागेवर राहतात. कालच्या दोस्तोंवाल्याने हे आधी सांगायला हवं होतं. तो ते व्हिडिओच्या शेवटी सांगतो. मी शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

शॅडोज वर नेल्या. डागातून हळूहळू बाबा बाहेर आले. आधी टोपी, मग कपाळ, मग जाकीट. पाठवण्याजोगा फोटो!

फक्त जाकिटाची बटणं एक घर सोडून लागलेली दिसतात. वरचं बटण दुसऱ्या काजात, खाली एक बटण अनाथ. बाबांनी पस्तीस वर्षं रेल्वेत गार्डाची नोकरी केली. युनिफॉर्मचं बटण ते आरशात न बघता लावत. तेव्हा हा ॲपचा दोष. सावली ओढली की कापड ताणलं जात असणार, आणि कापड ताणलं की बटण सरकत असणार. सदरात एक टीप याविषयी द्यावी.

तूर्त क्रॉप. छातीच्या वर कापलं. तीस वर्षं बातम्या देतो आहे, सत्याशी तडजोड कधी केली नाही. क्रॉप ही तडजोड नव्हे, ते संपादन.

विनूला पाठवणार होतो, पण नुसतं डोकं पाठवलं तर ती शंका घेईल. उद्या.

९ नोव्हेंबर, रविवार.

आज पंडरीच्या कापडबाजारात जाऊन अल्बमचं कापडी कव्हर पाहून आलो. फोटो तयार नाहीत, पण कव्हर ठरलं की उत्साह येतो.

घरी आलो तर बाबांनी "ये, शामराव" म्हणून स्वागत केलं. शामराव हे माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ. गोंदियाला असत. त्यांना जाऊन खूप वर्षं झाली. माझा चेहरा त्यांच्यावर गेलाय असं सगळे म्हणतातच. बाबांनी आज ते काव्यात्म पद्धतीने म्हटलं. अलंकारशास्त्रात यासाठी शब्द आहे. मला आत्ता आठवत नाही, तरी मी विसराळू आहे असं कोणी म्हणत नाही.

दुपारी कामाला बसलो. नवा अडथळा: क्षमाचा हात. शॅडोज उचलल्यावर लक्षात आलं की प्रत्येक फोटोत बाईंचा हात आहे. एकात बाबांच्या कोपराखाली. एकात खांद्यावर. एकात त्यांच्या हातातला पेढा त्यांच्या तोंडाच्या दिशेने वळवताना. रचनेचा सत्यानाश. प्रभावळीत बसलेला वृद्ध पिता, आणि बाजूने कुणाचा तरी बांगड्या घातलेला हात!

ॲपमध्ये नको ती वस्तू पुसायचं खोडरबर आहे. हात पुसला. त्याबरोबर बाबांचं कोपर गेलं. कोपर परत आणायचं बटण सापडेना. आता एका फोटोत बाबांचा डावा हात मनगटापासून सुरू होतो आणि कुठेच पोचत नाही.

क्षमाला शांतपणे विचारलं, की बाई, सोहळा बाबांचा होता, सगळ्या फोटोंत तुम्ही काहून? (चिडलो की माझं व्याकरण वर्ध्याला जातं.) ती पोळ्या लाटत होती. वर न पाहता म्हणाली, "मी नसती राहिली तर बाबा जिन्याकडे निघाले होते. दोनदा. तुम्ही तुमचा चंद्र पाहून राहिले होते."

बाबांना चालायची आवड पहिल्यापासून आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

फोटो बाजूला. बाबांच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे. आता तोही मोबाईलवर होतो. चेहरा दाखवायचा, मोबाईल सांगेल तेव्हा पापणी मिटायची, झालं. प्रकाशशास्त्राचा माझा ताजा अभ्यास असल्याने काम मी अंगावर घेतलं. क्षमा म्हणाली, मी करते. मी म्हणालो, हा विषय तांत्रिक आहे.

बाबांना खुर्चीत बसवलं. मोबाईल म्हणाला, "कृपया पलकें झपकाएँ." बाबांनी मोबाईलला नमस्कार केला.

उजेड कमी असावा. खुर्ची खिडकीशी नेली. पुन्हा तेच. मी म्हणालो, बाबा, डोळे मिटा. त्यांनी मिटले ते उघडेचनात. म्हणालो, उघडा. उघडले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. गॅलरीत नेलं. भर उन्हात नेलं. खालून शुक्ला भाभींनी हाक मारली, "भैया, बाबूजी को धूप में काहे खड़ा किए हो?" सांगितलं, एक्स्पोजर.

बाबा घामाघूम. मला म्हणाले, "शामराव, हे काय करून राहिला बे तू?"

शेवटी क्षमा पदराला हात पुसत आली, त्यांना सावलीत आणलं, पाणी पाजलं, आणि मोबाईलने सांगताक्षणी बाबांच्या डोळ्यांवर हलकीच फुंकर मारली. पापणी मिटली. हिरवी खूण आली. बाबा हयात असल्याची सरकारला खात्री पटली.

ही पद्धत शास्त्रीय नाही. नोंद घेतली आहे. सकाळचा उजेड तिरपा असतो, एवढंच आज सिद्ध झालं.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

इरावतीला, म्हणजे कन्येला, बंगळुरूला फोन केला. ती कम्प्युटरवालीच आहे. विचारलं, की शॅडोज उचलल्या की फोटोत दाणेदार रवा का येतो? मराठीत विचारलं, तिने नेहमीप्रमाणे हिंदीत उत्तर दिलं, "पापा, अंधेरे में कैमरे को कुछ दिखा ही नहीं, तो वो अंदाज़े से भर देता है. उसको नॉइज़ कहते हैं."

म्हणजे जे दिसलं नाही तिथे कॅमेरा मनाने भरतो. यंत्रं किती बेभरवशाची!

तिने शेवटी विचारलं, दादाजी कैसे हैं. फिट, म्हणालो. ती म्हणाली, मम्मी तो कुछ और बोल रही थी. मम्मी, मी म्हणालो, प्रत्येक गोष्ट ओव्हर करते.

संध्याकाळी सदराचा पहिला परिच्छेद लिहिला: "वाचकहो, कुठलाही फोटो पूर्णपणे काळा नसतो. त्यात सगळं असतंच, फक्त ते पाहण्याची तयारी लागते." छान जमलंय. दोनदा मोठ्याने वाचलं. क्षमाला वाचून दाखवलं. ती कुकर लावायला गेली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपार.

अखेर विजय! एक फोटो पूर्ण केला. शॅडोज योग्य, हायलाइट्स योग्य, रवा पुसून गुळगुळीत, बटणं कापलेली, हात कापलेला, कोपर सुरक्षित. बाबा किंचित डावीकडे, दूर कुठेतरी पाहताहेत. चिंतनमग्न. विनूला पाठवला. खाली लिहिलं: "हजारावा चंद्र पाहताना बाबा."

पाच मिनिटांत उत्तर. "दादा, चंद्र तर मागे आहे."

हे लक्षात आलं नव्हतं.

लगेच दुसरा मेसेज: "मग बाबा कुठं पाहून राहिले?" मग फोन. पुन्हा तोच प्रश्न. म्हणालो, पाहुण्यांकडे. म्हणाली, आणखी पाठव. नाइलाजाने, उजळलेले पण न कापलेले चार पाठवले. चूक झाली. आता तिला हात दिसले, बटणं दिसली. चारही फोटोंत बाबा डावीकडे पाहतात हेही दिसलं. "तिकडं काय आहे दादा?"

तिकडे जिन्याचं दार आहे. तिथे कोणीच नव्हतं. क्षमाला विचारलं, एवढ्यासाठीच की फोटोची ओळ अचूक लिहिता यावी. ती म्हणाली, "आई वर आल्या नाही म्हणून वाट पाहून राहिले होते. मले तीनदा विचारलं, ही प्रसाद घेऊन अजून कशी नाही आली."

आई सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हा तिचा एक धड फोटो घरात नव्हता. विनूच्या लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून काढला, तो भिंतीवर आहे. आईच्या खांद्यामागे अजून कुणाच्या तरी शालूचा काठ दिसतो. तेव्हाच ठरवलं होतं की बाबांचा फोटो वेळेत काढून ठेवायचा, चांगला, आणि कुणाच्याही शालूशिवाय. म्हणून एवढा खटाटोप. हे विनूला सांगितलेलं नाही. तिला वाटेल, दादा भलतंसलतं मनात आणतो.

विनू रविवारी येते आहे. काठी घेऊन, गीतांजली एक्स्प्रेसने. म्हटलं, गुडघा? म्हणाली, "गुडघ्याचं पाहून घेईन मी. तू फिट-फिट करून मले येड्यात नको काढू."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

संकल्प: विनू यायच्या आत एक, फक्त एक, असा फोटो तयार करायचा ज्यात बाबा समोर पाहताहेत. फ्रेम करून हॉलमध्ये ठेवायची. दारातून शिरताशिरता तो दिसला की तिचा निम्मा आवेश जाईल. चांगल्या फोटोला कोणी उलट प्रश्न विचारत नाही.

सगळे फोटो पुन्हा पाहिले. एक सापडला. बाबा थेट माझ्याकडे पाहताहेत! इतका काळा होता की आजवर मी तो उघडलाच नव्हता. उघडून मोठा केला. चेहऱ्याचा नुसता अंदाज येतो, पण मान सरळ, नजर सरळ, आणि बहुधा हसताहेत. जिंकलो. जिन्याकडे पाहणं वगैरे योगायोग होता.

सदर बाजारात फ्रेमवाल्याला उद्या दुपारची वेळ सांगून ठेवली. त्याने विचारलं, "सर, माला वाली पट्टी लगेगी?" म्हणजे हार अडकवायची. मी त्याला चांगलंच झापलं. माणूस घरात जिवंत, धडधाकट आहे! तो म्हणाला, "सॉरी सर, सब लोग वही लगवाते हैं."

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.

फ्रेमवाल्याकडे गेलो नाही.

सकाळी फोटो घेऊन बसलो होतो. आता हात सरावला आहे. एक्स्पोजर थोडं, शॅडोज बेताच्या, हायलाइट्स खाली, रवा कमी. मग नुसता चेहरा निवडून तेवढाच आणखी जरासा वर. काम सुरेख झालं. इतका चांगला फोटो मी आजवर काढलेला नाही. टोपी नीट. दिव्यांचा उजेड गालावर. डोळे स्वच्छ, माझ्यावर रोखलेले. आणि हसू.

हे हसू मी ओळखतो. लहानपणी बाबांबरोबर डोंगरगडच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहायचो. कोणी अनोळखी माणूस येऊन गाडीची वेळ विचारायचा. बाबा घड्याळ पाहून वेळ सांगायचे आणि त्याला निरोप देताना असंच हसायचे. अदबीने. पुन्हा भेट होणार नाही, पण तुमचा प्रवास सुखाचा होवो, असं.

"फोटोवाले भाऊ, जेवूनच जा बरं."

हे बोलले तेव्हाचाच हा फोटो आहे. मी तो किस्सा किती जणांना सांगितला!

क्षमाला फोटो दाखवला. म्हटलं, तुला त्या दिवशीच कळलं होतं. ती म्हणाली, "मले दसऱ्यालाच कळलं होतं. तुम्हाले सांगून राहिली होती, तुम्ही ऐकून नव्हते राहिले." मग पदराने मोबाईलची काच पुसली आणि म्हणाली, "फोटो चांगला आला पण." आज तिने टोमणा मारला नाही. त्याचाच मी जास्त धसका घेतला.

फोटोवर अजून थोडं करता येईल. चेहरा पुन्हा थोडा अंधारात नेता येईल. ठिपका डावीकडे ओढायचा, बस. ओढून पाहिला. उपयोग नाही. एकदा पाहिल्यावर काळ्यातही दिसतं.

विनूला उद्या सगळं सांगणार. ती आधी रागावेल, मग रडेल, मग डॉक्टर शोधायला लागेल. त्याची भीती नाही. बाबा एक दिवस जाणार, फ्रेमला पट्टी लावावी लागणार, तेही समजतं. त्या वयाला पोचले आहेत.

माझी भीती वेगळी आहे, ती लिहून टाकतो. बाबा इथेच असतील, माझ्याच घरात, रोज. रोज सकाळी मी त्यांच्यापुढे चहा नेऊन ठेवीन. आणि ते मान वर करून तसंच छान हसतील, आणि मला विचारतील, तुमची गाडी किती वाजता आहे.